दाढेचे नव्हे, नसेचे दुखणे



गालात कळ आली की आपल्याकडे माणूस म्हणतो, "दाढ दुखायली." बहुतेक वेळा ते खरेच असते. मिश्री, तंबाखू आणि गुटखा यांनी आपल्या भागातल्या दातांची जी दशा केली आहे ती पाहता दुसरे काही सुचणारही नाही. पण थोड्या माणसांच्या बाबतीत दाढ निर्दोष असते, हिरडी चांगली असते, आणि तरीही गालात, जबड्यात, ओठाच्या कडेला अशी कळ निघते की धडधाकट गडी मटकन बांधावर बसतो. हे दुखणे चेहऱ्याच्या नसेचे असते. डॉक्टर त्याला 'ट्रायजेमिनल न्यूराल्जिया' म्हणतात. लाखभर लोकांमागे वर्षाला चार ते तेरा नवे रोगी, असा जगभरचा ढोबळ अंदाज आहे. एखाद्या तालुक्यात अशी माणसे थोडीच सापडायची. म्हणूनच ज्याला हे होते त्याला शेजारीपाजारी विचारायला कोणी नसते. लोकरी माव्यावर काय फवारावे हे पारावर बसलेले चौघे सांगतील, याच्यावर काय करावे हे कोणी सांगत नाही.

प्रस्तुत लेखक आपल्यासारखाच एक ऊस उत्पादक सभासद आहे आणि गेली अकरा वर्षे हे दुखणे बाळगून आहे. म्हणून हा लेख.

कळ कशी असते ते आधी सांगतो, कारण ओळख पटणे हेच यातले मोठे काम आहे. मोटारीच्या स्टार्टरला ओल्या हाताने शिवल्यावर जो झटका बसतो, तसा झटका चेहऱ्याच्या एकाच बाजूला बसतो. काही सेकंद, फार तर दोन मिनिटे. मग एकदम शांत, जणू काही झालेच नव्हते. आणि मग पुन्हा. वाईट दिवसात असे पन्नास झटकेही येतात. दाढदुखी ठणकत राहते, रात्री जास्त होते. हे दुखणे माणूस गाढ झोपला की बहुधा त्याला उठवीत नाही. दाढदुखीचा माणूस गाल दाबून धरतो. या दुखण्याचा माणूस हात गालाजवळ नेतो, पण लावीत नाही, कारण लावला की वीज पडते. एवढा एक फरक जरी वाचकांनी ध्यानात ठेवला तरी पुष्कळ झाले.

झटका येण्याला कारणही मोठे लागत नाही. तोंड धुणे, चूळ भरणे, दात घासणे, घास चावणे, बोलणे, हसणे, दाढी करणे, वाऱ्याची झुळूक. म्हणजे माणूस दिवसभर जे करतो ते सगळेच. मार्गशीर्ष-पौषात ऊसतोड ऐन भरात असते, पहाटे फडावर जावे लागते आणि तेव्हाच गार वारा गालाला लागतो. मोटारसायकलवर मी उपरणे कानागालावरून दोन वेढे घेऊन बांधतो. एकदा अशा वेषात गट ऑफिसला गेलो तर शिपायाने आत सोडीना.

दाढीचे काय सांगावे! उजव्या गालाला वस्तरा लावायची छाती होत नाही, त्यामुळे पुष्कळ दिवस डावा गाल साफ आणि उजव्यावर आठवड्याची खुंटे. लग्नकार्यात लोक हसतात. जेवणाची तऱ्हाही तीच. भाकरी आमटीत कुस्करून, भिजवून, डाव्या बाजूने हळूहळू. कण्या, आंबील, दुधात कालवलेली पोळी हे चालते. हुरडा मात्र सुटला. शेजारच्या रानात आगटी पेटते, पोरेबाळे हातावर चोळून कोवळे दाणे खातात आणि आपण नुसते बसायचे. वेदनेपेक्षा त्याचेच वाईट वाटते कधी कधी.

एका वर्षी वार्षिक सर्वसाधारण सभेत खोडव्याच्या तोडणीच्या क्रमवारीविषयी विचारायला उभा राहिलो. "माननीय अध्यक्ष महोदय" एवढे म्हटले आणि वीज चमकली. तोंड उघडे ते उघडेच. सभागृहाला वाटले प्रश्न संपला. टाळ्या पडल्या. खोडव्याचा प्रश्न तसाच राहिला.

हसण्यावारी नेले तरी यातली खरी अडचण अशी, की हे दुखणे दिसत नाही. ताप नाही, सूज नाही, जखम नाही. मोडलेला पाय सगळ्यांना दिसतो. गालातली वीज ज्याच्या गालात पडते त्यालाच कळते. घडीभरापूर्वी ट्रॅक्टर चालवणारा माणूस एकाएकी डोळे मिटून गप्प बसतो, दोन मिनिटांनी पुन्हा कामाला लागतो. पाहणाऱ्याला ते सोंग वाटले तर नवल नाही. बायामाणसांना तर हे जास्तच जाचते, आणि हा विकार पुरुषांपेक्षा बायकांनाच अधिक होतो. पन्नाशीच्या पुढची बाई बोलेनाशी झाली, जेवेनाशी झाली की घरात "रुसली" म्हणतात. सून असली तर "कामचुकार" म्हणतात. तिच्या जबड्यात काय होते आहे हे कोणी विचारीत नाही.

माझ्या घरी तसे झाले नाही. मंडळी पहिल्यापासून म्हणाली, "बोलू नका तुम्ही, नुसतं हातानं सांगा. मला समजतंय." आता आमच्या खुणा ठरून गेल्या आहेत. एक बोट म्हणजे चहा कोमट करून, दोन बोटे म्हणजे आज जेवण नको. आईने मात्र पहिल्याच महिन्यात गालावर बिब्बा घातला. म्हातारीची माया खोटी नव्हती, पण बिब्बा उतला, फोड आले आणि ज्या गालाला वारा सोसत नव्हता त्यावर महिनाभर जखम वागवावी लागली. अंगारा झाला, दृष्ट काढून झाली, कानात तेल झाले.

त्यानंतर दात. एका शहरातल्या दवाखान्यात उजवीकडची एक दाढ काढली. आठ दिवस बरे वाटले, मग कळ परत आली. तेव्हा शेजारची दाढ काढली. दोन्ही दाढा पांढऱ्याशुभ्र, कीड नाही, पोकळी नाही. ही गोष्ट माझ्या एकट्याची नाही. जगभर या दुखण्याच्या रोग्यांचे चांगले दात असेच गेलेले आहेत, कारण कळ दातातूनच निघते असे रोगी शपथेवर सांगतो आणि दंतवैद्यालाही ते पटते. मधल्या काळात कळ आपोआप थांबते हेही फसवे आहे. सुरुवातीच्या वर्षांत हे दुखणे महिनोन्‌महिने, कधी वर्षभरही, गायब होते. जे औषध त्या वेळी चालू असेल त्याला, मग ती दाढ काढणे असो की अंगारा असो, बरे केल्याचे श्रेय मिळून जाते.

निदान झाले ते अंबाजोगाईला. स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे ते सरकारी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९७४ साली सुरू झाले. ग्रामीण भागातले आशियातले पहिले वैद्यकीय महाविद्यालय म्हणून त्याचे नाव सांगतात. ज्या गावी मुकुंदराजांची आणि दासोपंतांची समाधी, त्या गावी आपल्या जिल्ह्याने हे मोठे रुग्णालय मिळवले. बाह्यरुग्ण विभागात एका तरुण डॉक्टरांनी यंत्र लावले नाही की काही नाही, नुसते विचारले: "कळ किती वेळ टिकते? एकाच बाजूला का? कशाने येते? झोपेत उठवते का?" चार प्रश्नांत त्यांनी रोगाचे नाव सांगितले. या रोगाचे निदान मुख्यत्वे रोग्याच्या सांगण्यावरूनच होते. एम.आर.आय. काढतात तो आतले कारण पाहण्यासाठी, एखादी गाठ वगैरे नाही ना याची खात्री करण्यासाठी. रोगी तरुण असेल किंवा कळ दोन्ही बाजूंना असेल, तर ही तपासणी विशेष महत्त्वाची, कारण मज्जातंतूंच्या दुसऱ्या एका आजारातही अशी कळ येते.

आत काय होते ते आपल्या भाषेत सांगायचे तर असे. मेंदूतून नसांच्या बारा जोड्या निघतात. त्यांतली पाचवी जोडी चेहऱ्याची. प्रत्येक बाजूची नस पुढे तीन फाट्यांत फुटते, जशी मुख्य चारी पुढे तीन पाटांत फुटावी. एक फाटा कपाळ आणि डोळ्याकडे, दुसरा गाल आणि वरच्या जबड्याकडे, तिसरा खालच्या जबड्याकडे. वरचा स्पर्श, ऊन-गार, दुखणे-खुपणे यांची खबर या नसेतून मेंदूला जाते. नस जिथे मेंदूला मिळते त्या ठिकाणी पुष्कळ रोग्यांत एखादी रक्तवाहिनी तिच्यावर टेकलेली असते. वाहिनी नाडीच्या प्रत्येक ठोक्याला धडकत राहते आणि नसेवरचे आवरण झिजते. विहिरीतल्या मोटारीची केबल कडेच्या दगडावर घासून घासून तिचे रबर निघाले म्हणजे काय होते ते कोणा शेतकऱ्याला सांगायला नको. आतल्या तारा उघड्या पडतात, एकमेकींना भिडतात, ठिणगी उडते. तसेच इथे. गालाला लागलेल्या वाऱ्याची साधी खबर उघड्या पडलेल्या तारांत भलतीकडे जाते आणि मेंदूला ती वीज पडल्यासारखी कळते. दाढ काढून उपयोग का होत नाही तेही यावरून समजेल. बिघाड विहिरीत आणि आपण बल्ब बदलतो आहोत.

दुखणे काही आजचे नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात डोक्याच्या रोगांमध्ये 'अनंतवात' नावाचा विकार दिला आहे; डोळा, भुवई, कानशील येथे तीव्र वेदना, गालाच्या बाजूला कंप, हनुवटी जखडणे अशी त्याची लक्षणे. आजचे वैद्य त्याची तुलना या रोगाशी करतात. युरोपात १७५६ साली निकोला आंद्रे या फ्रेंच शल्यवैद्याने या रोगाला नाव दिले आणि १७७३ साली लंडनच्या जॉन फॉदरगिलने त्याचे तपशीलवार वर्णन केले. लागू पडणारी गोळी मात्र मिळायला १९६२ साल उजाडले. ब्लोम नावाच्या स्वीडिश डॉक्टरांनी त्या वर्षी कार्बामाझेपीन या औषधाने ही कळ थांबते असे प्रसिद्ध केले. आजही पहिले औषध तेच आहे. ते सरकारच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहे.

आता या गोळीविषयी चार गोष्टी अनुभवाने आणि डॉक्टरांना विचारून सांगतो. डोकेदुखी-अंगदुखीच्या नेहमीच्या गोळ्या या दुखण्यावर चालत नाहीत. मूठभर खाल्ल्या तरी चालत नाहीत, उलट पोट आणि मूत्रपिंड जाते. कार्बामाझेपीनने बहुतेकांना फरक पडतो, इतका की गोळी लागू पडणे हीच निदानाची एक खूण मानतात. थोड्या मात्रेपासून सुरू करून डॉक्टर ती वाढवत नेतात. सुरुवातीला झोप येते, गरगरते, चालताना झोक जातो. त्या दिवसांत ट्रॅक्टर, मोटारसायकल, विहिरीचा काठ आणि कडबाकुट्टीचे यंत्र यांपासून दूर राहावे. दारू त्यावर अजिबात नको. अंगावर पुरळ उठले, तोंड आले, ताप आला तर वाट न पाहता गोळी बंद करून त्याच दिवशी डॉक्टरकडे जावे, कारण क्वचित ते जिवावर बेतते. रक्तातले मीठ, म्हणजे सोडियम, या गोळीने कमी होते, विशेषतः वयस्क माणसांत. म्हणून मधून मधून रक्त तपासावे लागते. आणि पुरळासारखे कारण नसेल तर ही गोळी आपल्या मनाने एकदम बंद करू नये.

गोळीबरोबर एक वेगळीच भानगड येते. हीच गोळी फेफऱ्यासाठीही देतात. औषधाच्या दुकानात चिठ्ठी दिली की दुकानदार विचारतो, "घरात कोणाला फिट येतात?" मागे गावातलाच माणूस उभा असतो. संध्याकाळपर्यंत गावभर होते की अमक्याला मिरगीचा आजार आहे. मुलाचे स्थळ ठरायच्या वेळी माझ्याकडेही दबक्या आवाजात चौकशी झाली. फेफरे असणे ही काही लाजेची गोष्ट नव्हे, पण जो रोग नाही तो चिकटतो आणि त्या भीतीने काही लोक चालू गोळी सोडून देतात. त्यांना एवढेच सांगायचे, की ही गोळी बाजारात आली तेव्हापासून ती चेहऱ्याच्या कळेसाठीही दिली जाते, आणि एका गोळीला दोन कामे असणे यात नवल नाही. एकाच कुळवाने दोन पिकांत पाळी घालतो तसे.

या गोळीचा विचार करताना ऊसतोड मजूर डोळ्यांपुढे येतात. आपल्या बीड जिल्ह्यातून दरसाल दिवाळीच्या सुमारास लाखांनी माणसे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात ती उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. त्यांच्यातल्या कोणाला हे दुखणे असेल तर काय? पहाटे चारला थंडीत फडावर, तोंडाला वारा, पाचटाचे कूस गालाला लागणार, डोक्यावर मोळी. गोळ्या संपल्या तर परक्या गावात दवाखाना कुठे, चिठ्ठी कुठली? माझी सूचना अशी की जाण्यापूर्वी अंबाजोगाईला किंवा जवळच्या उपजिल्हा रुग्णालयात दाखवून पुरेशा गोळ्या आणि डॉक्टरांचा कागद बरोबर घ्यावा. मुकादमानेही ते पाहावे. आपल्या कार्यक्षेत्रात बाहेरच्या ज्या टोळ्या येतात त्यांच्यासाठी शेतकी खात्याच्या कर्मचाऱ्यांनी असे कोणी आढळले तर विचारपूस करावी. उचल घेतलेला माणूस दुखते म्हणून बसला तर त्याचे खाडे लागतात, आणि खाडा लावणाऱ्याला हे दुखणे दिसत नाही हे वर सांगितलेच आहे.

मोठ्या माणसाने सांगितले की लोकांना पटते, म्हणून एक उदाहरण. सिनेनट सलमान खान यांना हाच आजार होता. २०११ साली अमेरिकेत जाऊन त्यांनी त्यावर शस्त्रक्रिया करून घेतली, आणि पुढे जाहीरपणे त्याविषयी बोलले. साधा नाश्ता संपवायला दीड तास लागे असेही त्यांनी सांगितले आहे. पडद्यावर दहा जणांना लोळवणारा गडी एका अंड्याच्या पोळ्याला भीत होता, हे ऐकल्यावर आमच्या गावातल्या तरुण पोरांनी माझी थट्टा बंद केली. इतकी वर्षे मी सांगत होतो ते पुरे पडले नव्हते.

ते असे जाहीरपणे बोलले याचे मोल मोठे आहे, कारण या दुखण्याने माणूस जिवाला कंटाळतो. पुढचा झटका कधी येईल या धास्तीत दिवस जातो, खाणे तुटते, माणसांत जाणे तुटते. आपल्या जिल्ह्याला हा विषय नवा नाही, म्हणून आडवळणाने बोलत नाही. मनात तसे काही येऊ लागले तर घरात सांगावे, डॉक्टरांना सांगावे. १४४१६ या क्रमांकावर 'टेलिमानस' ही सरकारी सेवा आहे. फुकट आहे, मराठीतून बोलता येते.

गोळी पुरेनाशी झाली किंवा सोसेनाशी झाली तर पुढचे उपाय आहेत. एक म्हणजे गालातून सुई घालून नसेचा थोडा भाग उष्णतेने, औषधाने किंवा लहानशा फुग्याच्या दाबाने निकामी करणे. यात कवटी उघडावी लागत नाही, वयस्कांना सोसते. पण गाल बधिर होतो आणि काही वर्षांनी कळ परत येऊ शकते. दुसरा किरणांचा उपाय, त्याला गॅमा नाईफ म्हणतात. गुण यायला आठवडे-महिने लागतात. तिसरा म्हणजे मूळ ठिकाणी जाणे. अमेरिकेतले शल्यविशारद पीटर जॅनेटा यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून ही शस्त्रक्रिया रूढ केली. कानामागे लहान भोक पाडून, सूक्ष्मदर्शकाखाली, नसेवर टेकलेली रक्तवाहिनी बाजूला करतात आणि मध्ये टेफ्लॉनचा लहानसा तुकडा ठेवतात. केबल आणि दगड यांच्यामध्ये आपण सायकलच्या ट्यूबचा तुकडा घालतो, तोच प्रकार. जॅनेटांच्या अकराशेहून अधिक रोग्यांचा हिशेब १९९६ साली प्रसिद्ध झाला. दहा वर्षांनंतरही शंभरातले सुमारे सत्तर जण गोळीशिवाय, कळेशिवाय होते. राहिलेल्या तिसांना तेवढा गुण राहिला नाही, आणि कवटी उघडायची म्हणजे धोका आलाच. एका बाजूचा कान कमी ऐकू येणे हा त्यातला एक.

यासाठी न्यूरोसर्जन लागतो. त्यासाठी छत्रपती संभाजीनगरची घाटी, पुण्याचे ससून, मुंबईचे के.ई.एम. अशा मोठ्या रुग्णालयांत चौकशी करावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपले उपचार बसतात का हे त्या त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारून घ्यावे. खर्चाचा आकडा ऐकून परस्पर घरी परतू नये. जाताना रेशनकार्ड, आधारकार्ड, जुन्या चिठ्ठ्या, एम.आर.आय.च्या फिल्म्स आणि एक वही न्यावी. वहीत कळ कोणत्या तारखेला, किती वेळा, कशाने आली हे लिहिलेले असावे. डॉक्टरांसमोर बसल्यावर तोंड उघडेलच याचा भरवसा नसतो.

मला गेल्या दोन हंगामांपासून गोळी वाढवावी लागते आहे. वाढवली की गरगरते, कमी केली की वीज चमकते. कवटी उघडायची म्हटल्यावर मन धजत नाही, आणि दुसरीकडे हुरडा आठवतो. मंडळीचे म्हणणे, "ह्या खोडव्याची तोड झाली की पुण्याला जाऊन दाखवून येऊ. दाखवायला काय जातंय?" तोडणीच्या क्रमवारीत आमचा नंबर जानेवारीच्या शेवटाला आहे. कागदांची पिशवी तिने आताच भरून खुंटीला लावली आहे.